सहा मोलकरणी, एक ऊसतोडवाली आणि एक डायरेक्टर

पाथर्डीकडच्या ऊसतोड घरातली रोहिणी नगरच्या कॉलेजात नाटक शिकली. एकांकिकांत तिनं राणी केली, वकील केली, बक्षिसं घेतली. मग मालिकांच्या दारात गेली. तिथं तिचा सावळा रंग बघितला की काम ठरलेलंच. पाच वर्षांत सहा मोलकरणी आणि एक ऊसतोडवाली. तोही रंग कमी पडतो म्हणून वर आणखी काळा थर.

ऊसतोडवालीच्या वेळी तिनं आईचा, लंकाबाईचा, फुल बाह्यांचा शर्ट नेला होता. फडात बाया लुगड्यावर पुरुषी शर्ट घालतात, नाहीतर उसाचं पान हात चिरतं. डायरेक्टर म्हणाला, शर्टात गरिबी दिसत नाही. दिवसभर उघड्या हातांनी ऊस तोडायला लावला. हातांवरचे ओरखडे बघून मेकअपवाला खूश. म्हणाला, अगदी खरे वाटतात.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण पथनाट्यं लिहितो, नगरात नाटकाचं मंडळ चालवतो; रोहिणी त्यातलीच. आठ दिवसांत या लोकांची टर उडवणारी वीस मिनिटांची फिल्म लिहिली. एक डायरेक्टर बाई ऊसतोडवालीला गरीब कसं दिसायचं ते शिकवते, अशी गोष्ट. वाचनाला सगळे पोट धरून हसले. मग मी कामं वाटली. डायरेक्टर बाई मोनिका, पुण्याची, गोरी, फाडफाड इंग्रजी बोलणारी. ऊसतोडवाली रोहिणी.

रोहिणीनं वही मिटली. "भाऊ, तुम्हीबी रंगच बघितला का?"

मला राग आला. म्हटलं, तुझ्याइतकं खरं कोण करणार? तर म्हणे, डायरेक्टरसुद्धा पाच वर्षं जवळून बघितलाय.

"ते काम द्या. न्हाईतर मी एमआयडीसीत नोकरी धरते. नाटक बंद."

मी तिला निघ म्हणालो. दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट टोचायला लागली. कामं वाटताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. ज्यांना मी शिव्या घालतो, त्यांनाही लागत नसणार. माफी मागायची मला सवय नाही. फोन करून एवढंच म्हटलं, डायरेक्टरची वाक्यं पाठ कर.

शूटिंग कोपरगावकडं, लंकाबाईची टोळी होती त्याच फडात. रोहिणी गॉगल लावून खुर्चीत बसली आणि ऊसतोडवाली झालेल्या मोनिकाला म्हणाली, "अजून थोडं दुःखी. भूक डोळ्यांत आण, बाळा." टोळीतल्या बाया कोयते खाली ठेवून हसल्या. लंकाबाई हसली नाही. लेकीकडं बघत राहिली, मग हळूच मला म्हणाली, "हिच्याशी आसं बोलत्यात व्हय तिकडं?"

मी पुढचा शॉट लावायला गेलो.

फिल्म नगरला तीनदा दाखवली. मग एका मालिकेवाल्यांचा रोहिणीला फोन आला. तुमचं काम फार आवडलं, आमच्याकडं मोलकरणीचं आहे, चाळीस दिवस. तिनं विचारलं, मोलकरणीचं नाव काय? ते अजून ठरलं नव्हतं.

"मग आधी ठरवा, आडनावासकट. मग करा फोन."

मी असतो तर आईमाई काढली असती.

फोन परत आला नाही. रोहिणी एमआयडीसीत पॅकिंगला जाते, पण नाटक तिनं सोडलं नाही. आमच्या मंडळाचं पुढचं नाटक तीच बसवतेय. कामं ठरवायच्या आधी प्रत्येकानं सगळ्यांची वाक्यं वाचून दाखवायची, असा तिचा नियम आहे. काल मी राणीची वाचली.