ठिगळाची ओळ

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा गेला, त्याला शेवटपर्यंत वाटायचं की आपली बायको तोंडाळ आहे, पण पोटात काही ठेवत नाही. लेकींना नाही. नातवंडांना तर मुळीच नाही. त्यांना मी त्यांच्या आयांच्या सगळ्या चोऱ्या सांगितल्या, माझी एकही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि मोहाडीच्या बाजारात भाजी घेताना मला भेटणार नाही.

गोष्ट सुमनची आहे. म्हणजे — माझीच आहे, पण सुरुवात सुमनपासून करते. तिच्या आड लपायची मला जुनी सवय.

सुमन आमच्या शेजारची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली, ती कायमची. अशा बाईनं कोपऱ्यात बसून वाती वळायच्या, अशी तेव्हा गावाची समजूत. हिनं एक वात वळली नाही. सायकल शिकली. पेटी शिकली. गुलाबाची कलमं बांधायची, गावाच्या बोडीवर — आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात — गरी टाकून मासे धरायची, त्याच पाण्यात पोरींना पोहायला शिकवायची. धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं, तर शेतकऱ्याच्या मागं लागून तेवढा तुकडा न कापता ठेवायला लावायची. एका माणसाला किती नाद असावेत? आणि प्रत्येक नाद शेवटी दुसऱ्याच्याच कामी. कुणाची बाळंतीण अडली, की हिची सायकल नर्सबाईकडे निघाली. कुणाकडं मयत झाली, तर चूल हिच्या हाती. लग्न असलं तर रांगोळी हिची, नवरीची वेणीफणी हिची, पेटी हिची.

आणि मी? मी नवी सून. अंगात दोन गुण — खाणं आणि यमक जुळवणं. पण ऐट अशी, की चालताना स्वतःच्याच सावलीकडं बघत चालायची. आज ती पोरगी समोर आली, तर मी तिला पाणीही विचारणार नाही.

तरी सुमननं मलाच मैत्रीण केलं. का केलं असेल? मी हसवायचे म्हणून, दुसरं काय.

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बाया एकमेकींना चिडवणारी गाणी म्हणायच्या. पण सासू-सासऱ्यांसमोर सुनांनी तोंड वर करून गायचं कसं? म्हणून पुढं म्हाताऱ्या बसत, मागं सुना — पदर नाकापर्यंत. सून मागून पुढच्या बाईच्या कानात ओळ द्यायची आणि पुढची ती खड्या आवाजात म्हणायची. ओळ कुणाची, हे कुणी विचारायचं नाही. शिवी दिली तरी ती मांडवाची. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? चेहरा झाकलेला, जीभ मोकळी.

आता — आता ते ठिगळ.

सुमनच्या पेटीचा भाता फाटला होता. चिखला गावच्या खाणीत कामाला असलेला मनोहर बाजाराच्या दिवशी आमच्या गावात बहिणीकडं यायचा आणि लोकांचे रेडिओ, घड्याळं नीट करून द्यायचा. त्यानं भाताही नीट केला. आत, घडीच्या खाली, कापडाचं ठिगळ चिकटवलं — स्वतःच्या निळ्या रेघांच्या सदऱ्याचं. हे मला सुमननं बोडीवर सांगितलं, गरीकडं बघत, माझ्याकडं न बघता. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. त्याची जात वेगळी, हिची वेगळी, वर ही विधवा. धानाची रोवणी आटोपली, की दादाला सांगू, म्हणाली. हळूहळू, त्याचा कल पाहून. "कोणाले सांगू नको वो," म्हणाली. मी म्हटलं, मी काय गावाची दवंडी आहे?

होते. तीच होते.

त्याच उन्हाळ्यात गावात एक लग्न निघालं. सकाळपासून मांडवात एकच चाललेलं — सुमन कुठं आहे, सुमनला विचारा, सुमन नाही तर मांडव नाही. ती पुढं पेटीवर बसलेली. मी मागं, पदराआड. माझ्या बाजूला तिची वहिनी, कमल. आमच्या पुढं एक म्हातारी, जिचा आवाज बोडीच्या पलीकडं जायचा. भाता उघडला, की घडीतून निळी रेघ दिसायची, मिटला, की जायची. दिसायची. जायची. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग म्हातारीच्या कानाशी वाकले.

"पेटीले लागलं निळ्या सदऱ्याचं ठिगळ,
चिखल्याच्या पावन्यानं उडवला बाई चिखल."

म्हातारीला अर्थ काय ठाऊक? तिनं खणखणीत म्हटली. आधी एक बाई हसली, मग रांग हसली, मग पंगतीत वाढणारे पुरुष थांबून बघायला लागले. त्या पुरुषांत सुमनचा दादा होता, हातात वरणाची बादली.

सुमन थांबली नाही. गाणं संपेपर्यंत वाजवत राहिली — निळी रेघ सगळ्यांसमोर उघडत, मिटत. मग पेटीचं झाकण लावलं आणि उठून गेली.

तुम्हाला वाटेल मला हेवा वाटला. वाटला असेल. ती चिखल्याला निघून जाईल, मी एकटी पडेन, असंही मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. चांगलं दिसतं ते. पण खरं सांगू? लोक हसले, ते मला आवडलं. आणि ते यमक — ठिगळ, चिखल — जमलंय, असं मला आजही वाटतं. लाज वाटते ती या आजच्या वाटण्याची.

पण एवढ्यावर थांबलं नाही. संध्याकाळी दादानं म्हातारीला विचारलं, ओळ कुणी दिली? ती म्हणाली, मागून आली. तिच्या पाठीशी आम्ही दोघीच होतो. सगळे आमच्याकडं बघायला लागले आणि मी — मी काही बोलले नाही. खोटं एक अक्षर बोलले नाही. मी फक्त मान वळवून कमलवहिनीकडं बघितलं.

तेवढं पुरलं. पेटी तिच्या घरात, ठिगळ तिच्या डोळ्यांसमोर. दुसरं कोण असणार? ती "मी नाही, मी नाही" म्हणत राहिली. गावानं तिला घरभेदी म्हटलं, आणि ते नाव तिचे केस पांढरे झाले तरी मागं राहिलं. मनोहर बहिणीकडं यायचा बंद झाला. सुमन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिची पाठ थोपटली. छान थोपटली हो, मन लावून.

नंतर सुमन तशीच राहिली — सायकल, कलमं, सारस, लोकांची मयतं, लोकांची लग्नं. माझ्या ऑपरेशनला भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझ्या उशाशी तीच होती. फक्त स्वतःबद्दल तिनं मला पुन्हा काही सांगितलं नाही. मी म्हणायचे, वय झालं तिचं, बोलणं कमी झालं.

यंदा रोवणीच्या आधी ती गेली. तेराव्याला भजन ठेवलं होतं. सगळे मला पुढं बसवत होते — जिवाची मैत्रीण. मी मागं जाऊन बसले, कमलवहिनीजवळ. तिनं सुपारी कातरता कातरता म्हटलं, "सुमननं मले त्याच राती सांगतलं होतं. म्हणे, वहिनी, तू नाही, मले मालूम आहे."

मी म्हटलं, मग ती मला बोलली काहून नाही?

"म्हणे, तिले कळलं का आपल्याले मालूम आहे, तर ती गाणं सोडन. अन् गावात ओळ देणारी दुसरी नाही." अडकित्ता वाजला. "मी म्हटलं, मंग माह्या नावाचं काय? तर म्हणे, वहिनी, तुले मी आहो ना."

आधी मला काय वाटलं सांगू? राग आला. मला फसवलं, असं वाटलं — दोघींनी मिळून, इतकी वर्षं. माझ्या हातची भाजी खाल्ली, माझ्या ओळींना हसल्या, आणि दोघींना माहीत. मला. फसवलं. बघा माझी हिंमत.

आणि अक्कल बघा. ज्या ठिगळाचा मालक सुमननं मला एकटीला सांगितला, ते गाण्यात आल्यावर तिला कळणार नाही? मागं दोघी बसलेल्या. कमलवहिनीनं ओळ दिली नाही, हे कमलवहिनीला माहीत. मग उरली कोण? हे गणित सुटायला मला म्हातारी व्हावं लागलं. साऱ्या जन्मात मी लपवलं, ते फक्त माझ्यापासून.

भजन सुरू होणार होतं. सुमनची पेटी तिची भाची वाजवायला बसली. भाता उघडला. कापड विरलेलं, रेघा पुसट झालेल्या, पण ठिगळ तेच. कमलवहिनी सरकून माझ्या पुढं बसली, मान न वळवता कान मागं केला आणि म्हणाली, "दे. सुमनवर एक ओळ दे."

मला एकही सुचली नाही. भाता उघडत होता, मिटत होता. थोड्या वेळानं तिनं जुनंच काहीतरी सुरू केलं आणि बायांनी ते उचललं.

तेव्हा द्यायची राहिलेली ओळ ही. यमक नाही तिला.

ठिगळाची ओळ माझी होती. कमलवहिनीची नव्हती.