हरणाबाईची पांढरी

हरणाबाई गाढवांवरून माती वाहायची आणि मी ती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चोपायचो. आमची ओळख कामापुरती, पण ती वीस-बावीस वर्षं टिकली.

आमचं गाव अणदूरच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत. गाव ज्या उंचवट्यावर वसलं, ती पांढरी. जुन्या घरांच्या भिंती पडून, राख-केर साचून पिढ्यान्‌पिढ्या झालेली माती. माळवदाला तीच लागते. ती पाणी धरत नाही. शेतातली काळी वर टाकली, तर पहिल्याच उन्हात भेगा पडतात.

पांढरी खणायला कुणाला मनाई नव्हती. हरणाबाईचा मात्र एक नेम होता. जाताना पांढरी न्यायची आणि येताना गाढव रिकामं आणायचं नाही. पडक्या भिंतीचा ढिगारा, चुलीची राख, जे मिळेल ते आणून खणलेल्या खड्ड्यात ओतायचं. चढावर भरलेलं गाढव नुसतं हाकून चालत नाही, मागून ढकलावं लागतं. एका खेपेला दोन खेपांचे कष्ट. पण तिचं दोन खणांचं घर पांढरीच्या अगदी कडेला होतं. खड्डा भरला नाही, तर एक दिवस आपलीच मागची भिंत खाली येईल, हे ती जाणून होती. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. तेवढं घर होतं.

निजामाचं राज्य गेलं. रस्त्याला मोटारी थांबू लागल्या. खेड्यांतली माणसं येऊन राहू लागली, गावातलेही भाऊ-भाऊ वेगळे निघाले. सगळ्यांना घर रस्त्याला हवं. रस्त्याला सगळी काळी, ज्वारीची रानं. तिथं प्लॉट पडले. घरं काळीवर आणि माळवदांना माती पांढरीची. पूर्वी गावात वर्षाला एखादं नवं माळवद व्हायचं. आता एक संपायच्या आत दुसरा बोलवायला यायचा. मला काम मिळालं, हे खरं. खांदे गेले तेही त्याच वर्षांत.

माणिकप्पा किराणा दुकानदार. त्याच्या नव्या घराचा पाया छातीएवढा खोल गेला, तेव्हा कुठं मुरूम लागला. निघालेल्या काळीचा ढीग दारातच पडला.

"मावशी, येवढा ढीग काढा की," तो हरणाबाईला म्हणाला. "गिऱ्हाईक उड्या मारत येतंय."

"मारू दे उड्या. भूक लागंल, माल खपंल तुझा."

"लई बोलता तुम्ही."

"मग काय करू? गाढवं बोलत न्हायत."

तरी तिनं ढीग उचलला. नव्या वस्तीत पडकी भिंत नव्हती, जुनी राख नव्हती. परत न्यायला दुसरं काही नव्हतंच. माणिकप्पाची काळी, मग शेजारच्याची काळी, अशी ती घरामागच्या खड्ड्यात ओतत राहिली. खड्डा काठोकाठ भरला. तिनं तो पायांनी तुडवून घट्ट केला. मी पाहिला, काम चोख होतं. खड्डा भरला, एवढंच आम्हा दोघांना दिसलं.

काळी पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात आवळली. भेग आधी जमिनीत पडली, मग भिंतीत चढली. पुढच्या पावसाळ्यात भिंत मागं कलली आणि भरदुपारी बसली. तुळया खाली आल्या. हरणाबाई बाहेर गाढवांना पाणी दाखवत होती, म्हणून वाचली.

मी गेलो तेव्हा ती ढिगाऱ्याशी उभी होती.

"शिवलिंगा, म्याच भरली रे," ती म्हणाली. "येक खेप रिकामी आणली न्हाय."

काळी काढून टाकायची आणि भिंत पुन्हा उभी करायची, असं तिनं ठरवलं. पाऊस उघडल्यावर आम्ही दोघं उपसायला लागलो. ओल्या काळीत गाढवाचे पाय रुतत, म्हणून पाट्या डोक्यावर. ती माती पाटीला चिकटते. पाटी कितीही आपटा, निम्मी आतच राहते. थंडी सरली तरी निम्मा खड्डा मोकळा झाला नाही. एक दिवस ती पाटी ठेवून खाली बसली.

"ऱ्हाऊ दे. माझ्यात आता बळ न्हाय."

"थोडंच राहिलंय."

"खोटं बोलू नगंस. तुला बी दिसतंय."

माणिकप्पाच्या भावाला घर बांधायचं होतं. गावात आता उकरण्याजोगी पांढरी कुणाच्या ना कुणाच्या भिंतीखालीच उरली होती. माणिकप्पानं हरणाबाईच्या पडक्या घराची माती मागितली आणि बदल्यात दुकानामागची पत्र्याची खोली देऊ केली. ती हो म्हणाली.

ते माळवद मीच चोपलं. खालून पाट्या द्यायला हरणाबाई. स्वतःच्या घराची माती ती चाळून, खडे वेचून देत होती.

"चाळत कशाला बसता, मावशी? तशीच टाका," माणिकप्पा म्हणाला.

"गळलं तर शिव्या मलाच देशील," ती म्हणाली आणि पुढची पाटी वर दिली.

गाढवं तिनं तामलवाडीच्या एका माणसाला देऊन टाकली. चार-पाच वर्षं ती त्या खोलीत राहिली. तिथंच गेली.