मानेवरचं बोट

एक्स-रे खात्यात किस्से जमवावे लागत नाहीत, प्लेटांबरोबर आपोआप साठतात. प्लेटा तरी जुन्या झाल्या की फेकता येतात. मी बोलतोय एकाहत्तर-बाहत्तर सालचं, नगरच्या आमच्या दवाखान्याचं. डोक्यात रक्तस्राव झालेला पेशंट आला की डॉक्टर मानेतल्या शिरेत सुई घालून औषध सोडायचे, ते मेंदूत चढलं की मी फोटो काढायचो. मशीन जुनं. सहा सेकंदांत तीन प्लेटा हातानं ओढायच्या.

सराव मी घरी करायचो, जेवणाच्या ताटांवर. बायको घड्याळ धरून बसायची. एकदा डॉक्टर चहाला आले, तर तिनं सरळ विचारलं, "तुमचे पेशंट वाचतात ते ठीक, पण माझ्या ताटांना पोचे पडले त्याचं काय?"

मिरजगावचे एक आजोबा फोटो म्हणून नवा फेटा बांधून आले. सोडायला तयार नाहीत. "डोस्क्याचा फोटू, अन् बोडका काढू व्हय?" मी हरलो, फेट्यासकट काढला. डॉक्टरांनी प्लेट उजेडात धरली. मेंदूच्या मधोमध दाभण.

"फेट्यात खोचलं हुतं," आजोबा म्हणाले. "घरी समदी हुडकत्यात."

पण पाथर्डीकडच्या हौसाचं प्रकरण वेगळं. ऊसतोडीवरून आणलेली. प्लेटमध्ये डाव्या बाजूच्या शिरेला फुगा दिसला. तो पुन्हा फुटला की बाई गेली. उपाय एकच, मानेत शीर बांधून टाकायची. पण आधी परीक्षा. डॉक्टर वीस मिनिटं बोटानं शीर दाबून धरणार, आणि बाईनं बोलत राहायचं. बोलणं थांबलं तर मेंदूला रक्त पुरत नाही, मग बांधता येत नाही.

डॉक्टर मुंबईचे. बोट दाबलं आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

हौसा गप्प. बोट काढलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा गप्प.

"वाचा जातेय. नाही बांधता येणार," म्हणत डॉक्टर हात धुवायला निघाले. मी त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

"डॉक्टर, आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही," मी म्हटलं. "मेली तरी घेणार नाही. दुसरं काहीतरी विचारा."

डॉक्टरांनी परत बोट ठेवलं. "सासू कशी आहे?"

हौसा सुटली. शिळ्या भाकरीपासून सुरुवात केली, ती पंचमीला माहेरी धाडलं नाही इथवर आली. सासू दारातच उभी, डोळ्यांना पदर लावून. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली.

"बास, बाई. झालं," डॉक्टर हसून म्हणाले.

"बोलू द्या तिला, सायेब," सासू म्हणाली. "समदं खरं हाय."