न कळता ‘हो’ म्हणू न देणारे परुळेकर सर

सरांच्या साठीच्या अंकासाठीचा हा लेख मी दोन महिने टाळला, हे आधीच कबूल करतो. लिहायला बसायचो आणि भटकायला निघायचो. काल तर घरून वही घ्यायला म्हणून निघालो आणि हिंदमाताला साडीच्या दुकानात दोन बायकांची घासाघीस ऐकत तासभर उभा राहिलो. संपादकांनी माफ करावं.

परुळेकर सरांची पहिली भेटही अशीच भटकताना झाली. कॉलेज मी दोनदा सोडलेलं. परळला मित्राला शोधत एका वर्गात डोकावलो, तर सर बाकावर आडवे, पायाला बँडेज, आणि जर्मनमध्ये कण्हत होते! नर्सिंगच्या मुलांना नोकरीत लागणारं जर्मन ते पेशंट होऊन शिकवत होते. मला म्हणाले, “बघतोस काय? उशी दे!” तेव्हापासून मी त्या वर्गात बसतोय; रोल नंबर त्यांनी आजतागायत विचारलेला नाही. आज मी जर्मन पाहुण्यांना मुंबई दाखवून पोट भरतो.

मोठ्या माणसाने काही सांगितलं की, कळो न कळो, आपण मान डोलावून ‘हो’ म्हणतो. सरांची सगळी लढाई या मानेशी. ते मुद्दाम पुटपुटत औषध सांगायचे. कोणी ‘हो’ म्हटलं की, “मेला तुझा पेशंट! आता त्याच्या बायकोला कळव.” मग हुंदके देणारी बायकोही तेच व्हायचे.

मच्छीमार नगरातल्या रुपालीची जर्मनीतल्या हॉस्पिटलसाठी ऑनलाइन मुलाखत याच वर्गात झाली. पडद्यावरच्या डॉक्टरबाईंनी एका पेशंटचं औषध भराभर सांगितलं. रुपालीने डोस पुन्हा विचारला. मग आणखी एकदा. मी कुजबुजलो, “सर, गेली नोकरी.”

“गप रे. आत्ता मिळतेय.”

मिळालीच! बाई म्हणाल्या, सकाळपासून उलट विचारणारी ही पहिलीच. आम्ही बाकं बडवून मजला हलवला.

पण रुपालीच्या आई अडून बसल्या, “माझी पोर परमुलखात जानार नाय.” सर स्वतः त्यांच्याकडे गेले, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून समजावत राहिले. चहा मिळाला, होकार नाही. सरांनी जोर केला नाही. “त्यांना पटलेलं नाही, तोवर त्यांनी हो म्हणू नये,” एवढंच म्हणाले.

सर आता साठीचे झाले. पुढची चाळीस वर्षं त्यांचा आवाज असाच खणखणीत, गुडघे मजबूत आणि वर्ग भरलेला राहो.

वर्गातच बसून हे लिहितोय आणि आत्ता दारात रुपालीच्या आई येऊन उभ्या आहेत. सरांना म्हणतायत, “मास्तर, जाऊ दे पोरीला. पन आधी मना शिकवा. तिकडच्या डाक्टरबाईला मीच इचारीन, पोर जेवली का नाय!”