गोळ्या बंद ठेवलेले अकरा दिवस

माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. सात वर्षांपूर्वी सासरच्यांनी तिला गोंडपिपरीहून आणून सोडलं, तेव्हापासून ती सावली गावात माझ्याच घरी राहते. या सात वर्षांत मला सगळ्यात जास्त राग सासरच्यांचा आला असेल, असं लोकांना वाटतं. तसं नाही. राग आहे तो एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरवर. आम्ही पहाटे निघून त्याच्या दारात दुपारपर्यंत बसलो होतो. त्या दिवशी बहीण नेमकी चांगली होती. केस विंचरलेले, विचारलं त्याचं सरळ उत्तर. त्यानं मान वर न करता "ठीक आहे की," म्हटलं, जुन्याच गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसून नसलेल्या माणसाशी भांडत होती. तो डॉक्टर मी अजून विसरलो नाही. विसरायचा इरादाही नाही.

मी धानाचा व्यापारी आहे. हमाली करत करत गादीवर बसलो, कोणाच्या मेहरबानीनं नाही. शेतकरी वरचं पोतं वाळवून, पाखडून ठेवतो. मी त्याला हात लावत नाही. खालच्या पोत्यातली मूठ काढतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच बोलणं सुरू करतो. साफ केलेला माल पाहून भाव करायचा नाही, हा माझा नियम. हाच नियम मी बहिणीला लावला, आणि तिथेच शेण खाल्लं.

झालं असं, की चंद्रपूरला एक मनोविकारतज्ज्ञ बाई अशा पेशंटची आणि घरच्यांची मिळून अर्धा-अर्धा दिवस तपासणी करतात, असं कळलं. आम्हाला तारीख मिळाली. रोवण्या, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्या होत्या, धंदा मंद होता. मी विचार केला, गोळ्या घेऊन बहीण तिथे गेली तर शांत दिसेल, आणि ही बाईही म्हणेल, ठीक आहे की. म्हणून तारखेच्या अकरा दिवस आधी मी गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात कुलूपबंद केलं.

बायको म्हणाली, "अवो, असं नका करू. ते काय धान व्हय का?"

"तुले काय समजते? डॉक्टरले खरा माल दिसू दे."

बहिणीनं तीन दिवस गोळ्या मागितल्या. दुकानात आल्या नाहीत, असं मी सांगत राहिलो. चौथ्या दिवशी तिनं मागणं सोडलं. सातव्या दिवसापासून झोप गेली. नवव्या दिवशी तिनं टीव्हीवर चादर टाकली आणि मोबाईलच्या टॉवरवाले आपल्या डोक्यातलं वाचतात, असं म्हणू लागली. मला वाईट वाटलं, हे खरं. पण मनात कुठेतरी समाधानही होतं, की आता कोणी ठीक आहे म्हणणार नाही.

चंद्रपूरला पोचलो तर ती गाडीतून उतरेना. मी ओरडलो, त्यानं ती अजून आकसली. पाच-दहा मिनिटांनी डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीशी वाकून म्हणाल्या, "बाई, मी इथी तुमच्याजवळ बसू का?"

"बसा. पण काच लावा. टॉवरवाले आयकते."

बाईंनी काच लावली आणि बसल्या. बाहेरून मला ऐकू येत नव्हतं. नंतर बायकोनं, ती पुढच्या सीटवर होती म्हणून, सांगितलं, की त्या रोवणीबद्दल विचारत होत्या. धानाच्या एका बांधीत किती बाया असतात, चिखलात पाय फाटतात त्यावर काय लावतात. बहीण लग्नाआधी गावातली सगळ्यात जलद रोवणारी होती. हे मला माहीत होतं, पण सात वर्षांत कोणत्या डॉक्टरला सांगावंसं वाटलं नव्हतं. अर्ध्या तासानं दार उघडून बहीण आपल्या पायानं आत चालत गेली.

आत गेल्यावर बाईंनी पहिला प्रश्न तिलाच विचारला. "तुमच्या भावाशी अन् वहिनीशी बोलू का मी? तुमच्यासमोर बोलू, का वेगळं?"

"समोरच बोला," बहीण म्हणाली.

मग प्रश्न सुरू झाले. आजार कधी दिसला, त्याआधी ताप आला होता का, डोक्याला मार लागला होता का, घरात आणखी कोणाला असं होतं का, झोप, जेवण, खर्रा-तंबाखू, पुजाऱ्याकडचे झाडफुकीचे उपाय. एकच गोष्ट त्या तीन बाजूंनी विचारत आणि समोरच्याला पत्ता लागत नसे. खालच्या पोत्यात हात घालणारं माणूस मला लगेच ओळखू येतं. मी मात्र माझ्या सवयीनं मध्येच म्हटलं, "मॅडम, एकदाच भारी औषध द्या अन् विषय संपवा."

"भाऊ, इथी भाव होत नाई," त्या हसून म्हणाल्या. "गोळ्या रोज घेतात?"

"रोज," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"खोटं बोलून राह्यला," बहीण म्हणाली. "माह्या गोळ्या यानं लपवल्या. अन् टॉवरवाल्याईले देल्या."

मी बाईंकडे पाहून नुसता थोडा हसलो असतो, पाहा मॅडम, हे असं असतं, तरी काम झालं असतं. माझं सोडून तिचं बोलणं जगात कोणी खरं मानलं नसतं. तसं हसू माझ्या तोंडावर आलंही होतं.

बाईंनी पेन उचलून धरला. "भाऊ, गोळ्या लपवल्या नसतील, तर हा संशय आजारातला आहे. म्हणजे रोज घेऊनही गोळ्या लागू पडत नाहीत. मग मला जड औषधाचा विचार करावा लागेल. त्याच्यासाठी सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागते. अन् लपवल्या असतील, तर ही बाई खरं सांगून राह्यली. तुम्ही सांगा, मी काय लिहू?"

बायको खाली पाहत होती. बहीण माझ्याकडे पाहत होती.

"टॉवरवाल्यांना नाही दिल्या," मी म्हटलं. "पण लपवल्या मीच. अकरा दिवस झाले."

मग मला राहवेना. त्या शहरातल्या डॉक्टरची सगळी कहाणी मी मोठ्या आवाजात सांगितली. बाईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "त्यांचं चुकलं असंल. पण त्याचा बदला तुम्ही हिच्यावर काऊन घेतला?"

मी खुर्ची ढकलून उठलो. असं मला माझ्या तालुक्यात कोणी बोलत नाही.

"बस खाली," बहीण म्हणाली. "मॅडमचं झालं नाई अजून."

मी बसलो.

बाईंनी कागदावर लिहिलं आणि तिच्याकडे वळवून बोट ठेवून वाचून दाखवलं, की गोळ्या भावानं बंद केल्या होत्या, हे पेशंटनं स्वतः सांगितलं आणि ते खरं आहे. बहिणीनं ती ओळ पुन्हा एकदा स्वतः वाचली. बाईंनी त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि रोज किती ते लिहून दिलं. आज दिसलं ते आजार आणि अकरा दिवस मिळून दिसलं, त्यावरून आज काही ठरवणार नाही, म्हणाल्या. सहा आठवड्यांनी या, मग तपासणी पूर्ण करू. अर्धा दिवस समोर बसून शेवटी भाव न सांगता उठणारं माणूस मी धंद्यात कधी पाहिलं नाही. परतताना वाटेतल्या मूल गावापर्यंत मी त्यांना मनात शिव्या दिल्या आणि मूलच्या पुढे माझ्याजवळच्या शिव्या संपल्या.

गोळ्या तेव्हापासून बहिणीच्या पेटीत आहेत. चावी तिच्या गळ्यात असते.

सहा आठवड्यांनी गेलो तेव्हा ती माझ्याआधी गाडीतून उतरली. दारापाशी वळून म्हणाली, "तू बाहीर बस. वहिनी येईल."

मी बाकावर बसलो. दीड तास. आतून दोनदा बोलण्याचा, एकदा हसण्याचा आवाज आला. तिघीही हसत होत्या. बाहेर आल्यावर बहिणीनं स्वतःच सांगितलं, की आजाराचं नाव तेच आहे, गोळ्या त्याच, पण एकीची वेळ बदलली आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात सकाळच्या वेळी रोवणीला गेली तरी चालेल.

"अन् एवढा वेळ काय विचारून राह्यल्या होत्या?" मी म्हटलं.

"तुले काऊन सांगू?" असं म्हणून ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.