कुंकवातलं शिसं

हे मी बायकोला सांगितलं नाही, आणि माझ्यासोबत आयुष्यभर काम केलेल्या माणसांनाही नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या प्रामाणिकपणावर एक जण बराच वेळ बोलला, तेव्हाही मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि आता माणसांना सांगायचं ठरवलंच आहे, तर कुठून तरी सुरुवात करायला हवी.

माझं काम शिशाचं. म्हणजे उल्कापाषाणातल्या आणि पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या खडकांतल्या शिशाचं. शिशाचे अणू वजनाने थोडे थोडे वेगळे असतात, त्यांना आयसोटोप म्हणतात. त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक खाणीचं, प्रत्येक दगडाचं निराळं. त्यामुळे शिसं कुठून आलं ते बरोबर सांगता येतं. आमचा धंदाच तो – हे इथे कुठून आलं, एवढाच प्रश्न विचारत राहायचा. उल्केचं शिसं आणि पृथ्वीच्या खोल थरातलं शिसं शेजारी ठेवून, आपल्या पायाखालची ही धरणी कशी घडली ते शोधायचं. फार सुंदर काम आहे. त्या कामानेच मला पकडलं, हे पुढे येईल.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला आलो. इथल्या एका संशोधन संस्थेत वसुधा माझ्याआधीपासून होती. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी, हाताने माझ्याहून कितीतरी सफाईदार. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी, पण अर्ध्या वाक्यात कानडी पाहुणी येऊन बसायची. राजाजीनगरातल्या त्यांच्या घरी मी जवळजवळ दर रविवारी जेवायला असे. तिची आई मला अण्णा म्हणायची – मी तिच्या मुलाच्या वयाचा, तरी. परक्या गावात असं कुणी हाक मारणारं मिळालं की माणूस त्याच घरचा होऊन जातो. मी झालो होतो. म्हणून तर हे जास्त वाईट.

आमच्या प्रयोगशाळेत एक स्वच्छ खोली होती. आत जाताना बाहेरचे कपडे उतरवायचे, हात घासून धुवायचे, हातमोज्यांवर हातमोजे चढवायचे. उल्केतलं शिसं इतकं थोडं असतं की बाहेरच्या धुळीचा कण पडला तरी सगळं फुकट जातं. आणि बाहेर तेव्हा काय होतं? पेट्रोलमध्ये शिसं होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरच्या धुरात, प्रत्येक झाडाच्या पानावर होतं. लागणारं आम्लसुद्धा आम्ही स्वतः पुन्हा पुन्हा उकळून शुद्ध करायचो. ते काम माझ्याकडे होतं. वसुधा माझं आम्ल डोळे मिटून वापरायची.

तिच्याकडे एका उल्केचा छोटा तुकडा आला होता. तेवढाच मिळणार होता, पुन्हा नाही. त्याच्यावर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं – स्वच्छ खोलीची जबाबदारी कुणाकडे, हेसुद्धा. आणि त्या सकाळी माझी स्कूटर राजाजीनगरच्या पुलाआधी बंद पडली. प्लग काढला, पेट्रोलने पुसला, पुन्हा बसवला. उशीर झाला होता. संस्थेत पोचून कपडे बदलले, हात – मी हात धुतले का? नळाखाली धरले. घासले नाहीत. एक हातमोजा घालताना फाटला, तर म्हटलं बाटलीच तर बदलायची आहे, दोन मिनिटांचं काम. उघड्या बोटांनी मी त्या शुद्ध आम्लाच्या बाटलीचं तोंड धरलं.

एवढंच. चूक एवढीच होती, आणि ती चूक कुणाकडूनही होते. मी इथे त्या चुकीची कबुली देत नाहीये.

वसुधाने तुकडा त्या आम्लात विरघळवला. मोजणी आली तेव्हा त्यात उल्का जवळजवळ उरलीच नव्हती, सगळं आजकालचं शिसं.   प्रमुखांनी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, शिसं आलं कुठून? कुणी तरी – मी नव्हे, पण मी ऐकलं आणि मला हायसं वाटलं – तिच्या कपाळाकडे पाहून म्हणालं, कुंकू. शेंदरात शिसं असतं, बाजारच्या कुंकवातही असतं, हे सगळ्यांना ठाऊक. दोघं-तिघं हसले. शिकलेल्या माणसांना असं कारण फार आवडतं. त्यात आपण किती पुढे आलो ते दिसतं.

वसुधा शांतपणे म्हणाली, माझं कुंकू घरचं आहे, आई करते. दुसऱ्या दिवशी तिने चांदीचा करंडा आणून माझ्यासमोर ठेवला. "तूच मोज," म्हणाली. "असलं तर असलं. मला कळू दे."

मी मोजलं. आणि कुणाला न सांगता बाटलीत उरलेलं आम्ल आणि माझ्या स्कूटरच्या टाकीतलं पेट्रोलही मोजलं. का मोजलं? मला माहीतच होतं की. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कुंकवात शिसं नव्हतं, नावालाही नाही. बाटलीतलं शिसं आणि पेट्रोलमधलं शिसं शेजारी ठेवलं, तर दोन्ही एकच. इतका स्वच्छ निकाल माझ्या हातून त्याआधी कधी निघाला नव्हता.

कागद फाडला. वर जाऊन सांगितलं – जुळतंय, कुंकूच आहे.

आता हे मी का केलं? भीतीने, हे पहिलं उत्तर. नोकरी नवी होती, खोलीतलं काम हातचं जाईल असं वाटलं. पण तेवढंच म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. ती माझ्याहून चांगली होती आणि ते मला सलत होतं. खापर फोडायला तिचंच कपाळ समोर आलं, तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

वसुधाने कागद मागितला नाही. आमच्यात कुणी मित्राकडे कागद मागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कोऱ्या कपाळाने येऊ लागली. खोली माझ्याकडे आली. वर्षभरात ती संस्था सोडून एका कॉलेजात शिकवायला गेली आणि उल्केला तिने पुन्हा हात लावला नाही.

मी रविवारी जेवायला जातच होतो. नाही गेलो तर संशय येईल, असा हिशेब.

आणि आता ते. तिची आई चैत्रात कुंकू करायची. हळकुंडं लिंबाच्या रसात, टाकणखार-तुरटीत भिजवायची, सावलीत वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. आपल्या लोकांतल्या सगळ्या बायका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिचंच कुंकू न्यायच्या. नव्या सुनांना, बारशाच्या मुलींना तेच लागायचं. तिला दुसरं काही मिरवायला नव्हतं, आणि ते ती पुरेपूर मिरवायची. त्या चैत्रात जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. आत वसुधा भांडी आवरत होती.

"अण्णा, तूच मोजलंस म्हणे. खरंच होतं काय रे त्यात? पोरीबाळींना लावलं मी, तान्ह्यांनापण."

त्या क्षणी सांगता आलं असतं. तिथे प्रमुख नव्हते, खोली नव्हती, नोकरी नव्हती. एक म्हातारी बाई होती आणि तिला फक्त नाही एवढं ऐकायचं होतं. मी तिच्याच कानडीमिश्रित भाषेत, तिला बरं वाटावं म्हणून, हसून म्हणालो, "स्वल्पच होतं, आई."

 ती "सरी" म्हणाली, म्हणजे कानडीतलं बरं. उठली, आणि परातीत वाळत घातलेली हळकुंडं मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली ओतून आली.

त्यानंतर तिने कुंकू केलं नाही. वसुधाने एकदा सांगितलं की कुणाचं मूल बोलायला उशीर करतंय, कुणाची सून आजारी आहे असं कानावर आलं की आई अस्वस्थ होते, विचारते, माझ्यामुळे तर नसेल? मी तेव्हाही मूग गिळून बसलो. आई गेली तेव्हा खांदा द्यायलाही मी होतो.

पेट्रोलमधलं शिसं पुढे गेलं. हवा सुधारली म्हणतात. मी त्यावर एक व्याख्यानही दिलंय.

आता माझ्याजवळ कागद नाही, बाटली नाही, ती स्कूटर नाही. पुरावा उरलाय तो मीच, आणि मीही कायमचा नाही. म्हणून ठरवलं आहे. संस्थेला काय घडलं ते कळवून झालं, माझ्या सहीनिशी. येत्या चैत्रगौरीला वसुधाकडे तिच्या नात्यातल्या, ओळखीच्या बायका जमतात, त्यातल्या कितीतरी जणींच्या कपाळाला लहानपणी आईचं कुंकू लागलेलं आहे. मी तिथे जाणार आहे. वसुधाला एकटीला बाजूला घेऊन सांगणार नाही. तिचं आणि तिच्या आईचं नाव चारचौघांत गेलं, चारचौघांतच परत द्यायला हवं. ती घराबाहेर काढेल, तर निघेन. आत घेईल असं मी धरून चाललेलो नाही. भीती आहे, पण ती तेव्हाही होती, तिला विचारून आता काही करायचं नाही.

वाक्य तयार आहे. त्यात स्वल्प हा शब्द नाही. आईच्या कुंकवात शिसं नव्हतं. ते माझ्या बोटांना लागलेलं होतं, आणि तिने विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं.