सात फुटांचा माळा आणि माझं एक वाक्य

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या घरात मी नऊ महिने डायनिंग टेबलवर राहत होते.

म्हणजे झोपायला हॉलमधला सोफा होता; पण ऑफिस, लॅपटॉप, जेवण आणि एकूण आयुष्य टेबलाच्या एका कोपऱ्यावर. दादा, वहिनी आणि त्यांची जुळी मुलं नवीन घर मिळेपर्यंत 'दोनच महिने' राहायला आली आणि माझी खोली गेली. (घर अजून मिळालेलं नाही. शोधतोय, असं दादा म्हणतो.) माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये मागे मिक्सर चालायचा. एकदा मी क्लायंटला डिझाइन समजावत असताना आई ओरडली, "भेंडी करू की गवार?" तिकडून क्लायंटने नम्रपणे विचारलं, हा प्रश्न मला आहे का?

मी सहसा बोलतच नाही. मला फक्त एक दार हवं होतं, बंद होणारं.

"माळा आहे ना!" बाबा एका रविवारी म्हणाले. "माळ्यावर तुझी खोली काढू."

माळ्यावर तोपर्यंत सूटकेस, टीव्हीची रिकामी खोकी आणि 'लागेल कधीतरी' या एकाच कारणाने जिवंत असलेल्या वस्तू राहत होत्या. बाबांनी ते सगळं खाली आणून जिन्याखालच्या मोठ्या कपाटात रचलं, ग्राफ पेपर काढला आणि मला काउंटीचे (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचे) बांधकामाचे नियम वाचायला बसवलं. मी वाचले. निम्म्या जागेत तरी सात फूट उंची हवी. टेप लावली, तर छताच्या उतारामुळे सात फूट भरत होते एका अरुंद पट्ट्यात. तेवढ्या जागेत माणूस उभा राहू शकतो, वळू शकत नाही.

"तुझी उंची किती?" बाबांनी विचारलं.

"पाच-दोन."

"मग तुला सात फूट कशाला?"

"मला नकोत, बाबा. नियमाला हवेत."

"नियम काय तिथे राहायला येणार आहे?"

मी पुढचं पान वाचलं. बेडरूम असेल, तर आग लागल्यावर माणसाला बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी हवी. माळ्याला खिडकी नव्हतीच. बाबांनी पेन्सिल कानामागे खोचली. त्यांनी पेन्सिल खोचली की मला भीती वाटते.

"मग बेडरूम म्हणायचंच कशाला?" ते म्हणाले. "नकाशावर लिही, स्टोरेज."

"आणि मी?"

"तू गुपचूप राहा तिथे. नाहीतरी तू गुपचूपच असतेस."

नकाशा काउंटीकडे गेला. महिन्याभराने काउंटीचा इन्स्पेक्टर जागा बघायला येणार असं कळलं. दरम्यान बाबांनी माळ्यावर प्लायवूड टाकलं होतं आणि 'ट्रायल म्हणून' एक गादीही.

"तू कॉन्व्हेंटची. तूच बोल त्याच्याशी," बाबांनी बजावलं. मी मान डोलावली. बेल वाजली आणि माझं सगळं कॉन्व्हेंट घशात अडकलं. शेवटी बाबाच बोलायला लागले.

इन्स्पेक्टर चांगला साडेसहा फूट. (नियम खरोखरच राहायला आला होता!) तो शिडीवरून डोकं सांभाळत वर चढला, मागून आम्ही. त्याने टेप काढली, फळ्या ठोकून पाहिल्या आणि मग त्याचं लक्ष गादीकडे गेलं. गादीवर उशी. उशीवर बाबांचा चष्मा.

"कोणी झोपतं का इथे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नो, नो! नोबडी स्लीप्स!" बाबा घाईने म्हणाले. मग खोटं बोलल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली, "आय ओन्ली फॉल हिअर. डेली. आफ्टर लंच."

जेवण झालं की बाबा म्हणतात, "मी जरा पडतो." त्याचं त्यांनी शब्दशः इंग्रजी केलं होतं. इन्स्पेक्टरचं पेन थांबलं.

"तुम्ही पडता? रोज?"

"डेली! ट्वेंटी मिनिट्स."

"वीस मिनिटं पडता?"

शिडीच्या तोंडाशी चिवड्याची बशी घेऊन उभी असलेली आई म्हणाली, "अहो, मीपण पडते म्हणावं रविवारी."

"माय वाइफ ऑल्सो फॉल्स," बाबांनी अभिमानाने सांगितलं. "ओन्ली संडे."

इन्स्पेक्टरने आधी त्या उभ्या शिडीकडे पाहिलं, मग माझ्या साठी उलटलेल्या आईवडिलांकडे. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांना दाखवलंत का, असं त्याने अगदी हळू विचारलं.

"डॉक्टर ओन्ली टोल्ड मी! गुड फॉर हार्ट!"

तो भराभर लिहू लागला. मी वाकून पाहिलं. 'पडण्याचा गंभीर धोका' असं काहीतरी, खाली दोन रेघा. माझं दार माझ्या डोळ्यांदेखत बंद होत होतं, तेही बाहेरून. मी कोपऱ्यात वाकून उभी होते (तिथे उंची चार फूट), आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी स्वतःहून तोंड उघडलं.

"ही मीन्स ही टेक्स अ नॅप."

उच्चार स्वच्छ. व्याकरण निर्दोष. शाळेतल्या सिस्टर खूश झाल्या असत्या.

"अच्छा," इन्स्पेक्टर म्हणाला, "म्हणजे झोपतात." आणि त्याने नकाशावरचं 'स्टोरेज' खोडून तिथे 'बेडरूम' लिहिलं.

बेडरूम म्हटल्यावर नियमाप्रमाणे खिडकी आली. शिडीच्या जागी जिना आला, जिन्याला कठडा, छताला धुराचा अलार्म, आणि उंची भरावी म्हणून छतालाच एक कुबड. पाच महिने घरात करवत चालली. (मिक्सर परवडला.) खोली मात्र सुंदर झाली. दार आहे, बंद होतं. दुपारी नवीन खिडकीतून गादीवर असं छान ऊन येतं, की जेवण झालं की बाबा तिथेच पडतात. वीस मिनिटांचे आता दोन तास झालेत, आणि माझ्या सगळ्या मीटिंग नेमक्या त्याच वेळेला असतात.

म्हणून मी जिन्याखालच्या कपाटात बसते, सूटकेस आणि टीव्हीच्या खोक्यांमध्ये. म्हणजे शेवटी मी स्टोरेजमध्येच राहते आहे. उंची पाच-तीन आहे, मला पुरते.

आई परवा कपाटाचं दार उघडून म्हणाली, "अगं, सांग ना त्यांना, उठा म्हणावं. तू बोलत का नाहीस?"

"बोलले होते ना एकदा," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.